फुफ्फुसात गाठ अन् रिपोर्टात ‘न्यूरोएंडोक्राइन’? पेशी तपासणीतून नेमकं काय कळतं, वाचा

खोकल्यातून रक्त पडलं, छातीच्या फोटोत डाग दिसला, की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. तो बरेचदा खराही असतो. पण बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, औषधं घेऊनही डाग तसाच राहिला, तर डॉक्टर सिटी स्कॅन आणि पेशी तपासणी सांगतात. कधी कधी त्या रिपोर्टात ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असं येतं आणि घरच्यांची झोप उडते.

श्वासनलिकेच्या अस्तरात हार्मोनसारखी द्रव्यं सोडणाऱ्या काही पेशी सगळ्यांच्याच असतात. तशा पेशींच्या गाठींचे चार मुख्य प्रकार आहेत. टिपिकल आणि अटिपिकल कार्सिनॉइड हे दोन त्यामानाने सावकाश वाढतात. लार्ज सेल आणि स्मॉल सेल कार्सिनोमा मात्र झपाट्याने पसरतात. स्मॉल सेलचं बिडी-सिगारेटशी थेट नातं आहे. कार्सिनॉइड कधीच बिडी न ओढलेल्यालाही होतो.

नमुना दुर्बिणीतून ब्रशने किंवा सुईने घेतात, कधी छातीतून बाहेरून सुई टाकून, तर कधी छातीत साठलेलं पाणी काढून. कार्सिनॉइडची गाठ बहुधा अस्तराच्या खाली असते, त्यामुळे तिच्या पेशी बेडक्यात सहसा येत नाहीत. म्हणून बेडका ‘निल’ आला तरी विषय संपत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली कार्सिनॉइडच्या पेशी एकसारख्या दिसतात, केंद्रकात मीठ-मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके. स्मॉल सेलमध्ये केंद्रकं एकमेकांत दाबून बसलेली, आजूबाजूला मेलेल्या पेशींचा कचरा.

खरी गडबड इथेच होते. काचेवर पसरताना पेशी चिरडल्या, तर कार्सिनॉइडसुद्धा स्मॉल सेलसारखा दिसू शकतो. आणि दोघांचा उपचार अगदी वेगळा! कार्सिनॉइड पसरलेला नसेल तर ऑपरेशन हा मुख्य उपाय, स्मॉल सेलला बहुतेक वेळा केमोथेरपी. म्हणून उरलेल्या नमुन्याचा ‘सेल ब्लॉक’ करून त्यावर सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी-५६ या खास तपासण्या करतात. केआय-६७ ही तपासणी पेशी किती वेगाने वाढतायत ते सांगते. कार्सिनॉइडमध्ये हा आकडा कमी असतो, स्मॉल सेलमध्ये खूप जास्त.

मात्र टिपिकल की अटिपिकल, हे सुईच्या नमुन्यावरून पक्कं सांगता येत नाही. त्यासाठी २ चौरस मिलिमीटर भागात विभागणाऱ्या पेशी मोजाव्या लागतात. २ पेक्षा कमी असल्या आणि कुठे पेशी मेलेल्या नसल्या तर टिपिकल. २ ते १० असल्या किंवा मेलेला भाग दिसला तर अटिपिकल. एवढा भाग सुईत येत नाही. त्यामुळे रिपोर्टात नुसतं ‘कार्सिनॉइड’ लिहिलं असेल तर लॅबने काम अर्धवट सोडलं, असं समजू नका. पक्का प्रकार ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासल्यावर ठरतो.

सुई टाकण्याआधी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. नंतर छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच परत जा, कारण कधी कधी फुफ्फुसाभोवती हवा भरते. नुसता रिपोर्टचा कागद घेऊन घरी येऊ नका. काचा (स्लाइड) आणि ब्लॉक मागून घ्या. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येसुद्धा, त्या पुन्हा तपासल्या जातात. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड, आधार दाखवून आधीच विचारा.