पोलीस भरतीतील १०० मीटर धाव

१०० मीटर धाव हा महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीचा एक भाग आहे. ५० गुणांच्या या चाचणीत या धावेला १५ गुण असतात. पुरुषांची १६०० मीटर किंवा महिलांची ८०० मीटर धाव २० गुणांची आणि गोळाफेक १५ गुणांची असते. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे असलेला चाकण परिसरही त्यात आला.

गुणदान

पुरुषांना ११.५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळेस १५ गुण मिळतात, त्यापुढे १२.५० सेकंदांपर्यंत १२. महिलांसाठी याच मर्यादा १४ व १५ सेकंदांच्या आहेत. गुण टप्प्याने उतरत असल्याने ११.६० व १२.४० यांचे मोल सारखेच ठरते; ११.५० व ११.६० यांत मात्र तीन गुणांचे, म्हणजे लेखी परीक्षेतील तीन प्रश्नांचे अंतर पडते.

सराव

दोन्ही धावांसाठी रोज पहाटे काही किलोमीटर पळणे, ही उमेदवारांत सर्रास आढळणारी चूक होय. त्याने दमसास वाढतो, वेग फारसा वाढत नाही. वेगवान धावेची ऊर्जा मुख्यतः स्नायूंत साठलेल्या फॉस्फेट संयुगांतून मिळते. हा साठा काही सेकंदांत ओसरतो आणि भरून येण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून ३० ते ६० मीटरच्या मोजक्याच धावा पूर्ण वेगाने काढाव्यात व प्रत्येकीनंतर तीन ते पाच मिनिटे थांबावे. धाप लागलेली असतानाच पुन्हा पळणे हा वेगाचा सराव नव्हे.

नवशिक्याचा बराच वेळ सुरुवातीलाच वाया जातो. पहिल्या पावलांत शरीर पुढे झुकलेले असावे आणि पायाने जमीन मागे रेटावी. लगेच ताठ उभे राहिल्यास गती मंदावते. सौम्य चढावरील छोट्या धावांनी हा रेटा अंगवळणी पडतो. शेवटची रेषा पाहून पाऊल आखडण्याची खोडही मोडावी लागते. त्यासाठी रेषेपलीकडे काही मीटरवर खूण ठेवून तिथपर्यंत पळावे.

असा सराव आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून करावा. अंग न तापवता जोरात धावल्यास मांडीच्या मागचा स्नायू दुखावतो आणि कित्येक आठवडे वाया जातात. रात्रपाळी करून थेट मैदानावर येणाऱ्या कामगार उमेदवारांना हा धोका अधिक असतो. त्यांनी झोप घेऊन सायंकाळी धावणे बरे. भोसरीच्या इंद्रायणीनगरातील संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात ४०० मीटरची कृत्रिम धावपट्टी आहे. रस्त्यावर पावलांनी मोजलेले १०० मीटर बहुधा कमी भरतात, त्यामुळे वेळ मोजलेल्या पट्टीवरच घ्यावी.