पूरक आहार (शिशुपोषण)

पूरक आहार म्हणजे बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने दिला जाणारा घन किंवा अर्धघन आहार होय. ग्रामीण महाराष्ट्रात यास 'वरचे अन्न' असे म्हणतात. हा आहार दुधाची जागा घेत नाही. स्तनपान दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

योग्य वय

पूर्वी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्न सुरू करण्याचा सल्ला दिला जाई. इ.स. २००१ पासून सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस रूढ झाली. साधारण याच सुमारास बाळाच्या शरीरातील जन्मजात लोहसाठा कमी होतो, मान स्थिरावते आणि तोंडात आलेला घास जिभेने बाहेर ढकलण्याची प्रतिक्षिप्त क्रिया ओसरते. अन्न लवकर दिल्यास, विशेषतः पाणी शुद्ध नसलेल्या ठिकाणी, अतिसाराचा धोका वाढतो. उशीर झाल्यास वाढ खुंटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील ६ ते ८ महिन्यांच्या बालकांपैकी ४५.९ टक्के बालकांनाच आईच्या दुधासोबत असा आहार मिळत होता.

उष्टावण

अन्नप्राशन संस्कारास मराठीत 'उष्टावण' म्हणतात. परंपरेने मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या, तर मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात होते. अनेक घरांत मामा पहिला घास भरवतो. परंपरेतील 'सहावा महिना' पाच महिने पूर्ण होताच सुरू होतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. तथापि खरी अडचण बहुधा विधीनंतर उद्भवते: खिरीचे बोट चाटवून झाले, की रोजचे जेवण मात्र कित्येक आठवडे लांबते, किंवा वरणाच्या पाण्यावर भागवले जाते.

दाटपणा

६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाकाठी सुमारे २०० किलोकॅलरी लागतात; पोटात मात्र एका वेळी सुमारे २०० मिलिलिटरच मावते. त्यामुळे वरणाच्या निवळीने किंवा पातळ पेजेने पोट भरते, पोषण होत नाही. घास चमच्यावरून ओघळून न जाता टिकेल इतका दाट असावा. मऊ भात व मुगाच्या डाळीचे खिमट, त्यावर थोडे तूप किंवा तेल, कुस्करलेले केळे, पुढे शिजवलेली पालेभाजी व अंडे हे पदार्थ गावात सहज मिळतात.

नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून व हलकी भाजून दळण्याची जुनी रीत या दृष्टीने फार उपयुक्त आहे. मोड येताना तयार होणारे विकर पिष्टमय पदार्थांचे विघटन करते, त्यामुळे अधिक पीठ घालूनही लापशी गिळण्याजोगी राहते. फार भाजल्यास हा गुण नष्ट होतो. मध मात्र एक वर्षापर्यंत देऊ नये; त्यातून शिशूंना बॉट्युलिझम हा विषबाधेचा आजार होऊ शकतो.

भरवणारे हात

या वयात दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा भरवावे लागते. आई शेतावर गेल्यास हे काम आजीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे येते. म्हणून सल्ला केवळ आईला देऊन पुरत नाही. आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात गृहभेट देते आणि अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची गावच्या अंगणवाडीशी असलेली ही साखळी नेमकी हंगामात तुटते. फडावर पहाटे निघालेल्या आईला दाट खिमट शिजवून ताजे भरवणे कठीण जाते.