देवगड : आपल्या शेजारची विसरलेली राजधानी

पांढुर्णा-सौंसरची आपण मंडळी सोयरिकीला, दवाखान्याला, बाजाराला नेहमी नागपूरला जातो. पण ते नगर वसवणाऱ्या राजांचा देवगड किल्ला आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिला आहे.

छिंदवाडा जिल्ह्यात, मोहखेड तहसिलीतल्या सातपुड्याच्या डोंगरावर गोंड राजांची ही राजधानी होती. अकबराच्या काळी येथे जाटबा राज्य करीत असे. त्याच्या वंशातील बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवले. पुत्र चांद सुलतान याने राजधानीच तिकडे नेली आणि देवगड मागे पडला. पुढे वारसांच्या तंट्यात राणीने रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. १७४३ मध्ये सत्ता भोसल्यांच्या हाती आली.

१९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशातच राहिलो. गडही आपल्याच बाजूला राहिला. नगारखाना, मोती टाके, बावड्या आजही तेथे उभ्या आहेत. आपल्या मुलांना भोसले ठाऊक आहेत, जाटबा नाही. यंदा विसर्जन आटोपले की मुलाबाळांसह एकदा देवगड चढू या.