सामर्थ्य सरल्यावर

जादूगाराची विद्या सरली की गोष्टही सरावी, हा अद्भुतकथेचा जुना शिरस्ता. अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विन यांनी तो मोडला. मात्र त्यासाठी त्यांना अठरा वर्षे लागली.

‘अर्थसी’ या त्यांच्या कल्पित द्वीपसमूहाची पहिली कादंबरी १९६८ साली निघाली. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोर गेड तीत विद्या शिकून जादूगार होतो. १९७२ च्या तिसऱ्या कादंबरीत तर तो सर्व जादूगारांचा प्रमुख आहे. जिवंतांचे नि मृतांचे जग यांमधले भगदाड बुजवताना तो आपले सारे सामर्थ्य वेचून टाकतो आणि ड्रॅगनच्या पाठीवरून घराकडे निघतो. मी तरी लेखणी तिथेच खाली ठेवली असती!

१९९० च्या ‘तेहानू’त ड्रॅगन त्याला घरी आणून सोडतो, तो मरणोन्मुख अवस्थेत. बरा झाल्यावरही राजाची माणसे शोधीत आली की हा लपतो. गोष्टही आता त्याची राहिलेली नाही. ती टेनारची आहे. दुसऱ्या कादंबरीतली ही पुजारीण आता शेतकऱ्याची विधवा आहे, आणि आगीत होरपळलेली एक मुलगी तिने पदरात घेतली आहे. रात्री गुंड घरावर चालून येतात तेव्हा गेडपाशी मंत्र नसतो, वैरण उचलायचा काटा असतो. टेनारचा मुलगा समुद्रावरून परततो, जेवतो, आणि ताट उचलायला नकार देतो. ते बायकांचे काम!

पुष्कळ जुने वाचक यावर रुष्ट झाले. आपण पूर्वी पुरुषांच्या नजरेने लिहीत आलो, हे बाईंनी १९९२ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात उलगडून सांगितले. माझी तक्रार निराळी आहे. अखेरच्या संकटात ती मुलगी ड्रॅगनला हाक मारते आणि तो दुष्टांना जाळून टाकतो. सामान्य माणसांना सामान्यपणे तरू देण्याचे धैर्य इथे थोडे उणे पडले, असे मला वाटते.

‘तेहानू’वर ‘अर्थसीचे अखेरचे पुस्तक’ असे छापले होते. लेखकाच्या अशा शपथा वाचकांनी मनावर घेऊ नयेत. २००१ साली आणखी एक कादंबरी आली. तिच्या केंद्रस्थानी फुटकी भांडी सांधणारा, बायको वारलेला आल्डर हा खेडूत आहे. मृतांच्या जगाची ती गाठ पुन्हा उकलायची असते. टेनार आणि तिची मुलगी राजाच्या मसलतीला गेलेल्या असतात. म्हातारा गेड गाँटवर शेळ्या आणि कोबीचे वाफे सांभाळीत घर राखतो.