कोहा : मालकी बदलली, परवाना टिकला

कोहा ही ग्रंथालय-व्यवस्थापनाची मुक्तस्रोत संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधील लेविन येथील होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी काटिपो कम्युनिकेशन्सने ती विकसित केली. २००० साली ती वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. २००७ मध्ये काटिपोचा कोहा-विभाग अमेरिकेतील लिबलाइमने विकत घेतला. २०१० मध्ये लिबलाइम पीटीएफएसकडे गेली. जीपीएल परवान्यामुळे आधी वितरित झालेला सोर्स कोड वापरण्याचा, बदलण्याचा व पुढे देण्याचा सर्वांचा हक्क अबाधित राहिला. नावाला मात्र त्या परवान्याचे संरक्षण नव्हते. न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ हे व्यापारचिन्ह मिळवण्यासाठी या कंपनीच्या वतीने झालेल्या अर्जास ट्रस्टने हरकत घेतली आणि २०१३ मध्ये तो फेटाळला गेला. सोर्स कोडची भेट परवान्याने राखली. नावासाठी स्वतंत्र लढा द्यावा लागला.