सावलीतली फट

आम्ही आयुष्यभर प्लेटो शिकवला. गुहेतले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात, तेव्हा सावलीवर विसंबू नका, हे सांगून सांगून घसा कोरडा झाला. आज मात्र सावलीची बाजू घ्यायला उभे आहोत.

१९१२ साली टायटॅनिक बुडालं आणि पाण्यातलं संकट आधी कसं कळावं, याची धडपड वाढली. १९१४ मध्ये फेसेंडेन यांनी हिमनगावरून परतलेला ध्वनी टिपला. मग महायुद्धात, पाणबुड्यांच्या धास्तीनं, लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात ध्वनी सोडला. पण एवढंच कळे, की काहीतरी आहे, अमुक अंतरावर आहे. चित्र दिसायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. बोटीमागून ओढत न्यायचं, दोन्ही बाजूंना ध्वनी फेकणारं हे यंत्र म्हणजे साइड-स्कॅन सोनार.

आता आपलं मुंबई हाय घ्या. १९७४ ला तेल लागलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं, पुढे उरणपर्यंत समुद्रतळावरून पाइपलाइन आल्या. तिथं पाणी साधारण ७५ मीटर. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. म्हणजे वरून तळाशी जाऊन परत यायला एक दशांश सेकंद! डोळ्याला तिथं काय दिसणार?

ध्वनी तिरका जातो. पाइपवर आपटून परततो, त्याची रेघ उमटते. पाइपमागे ध्वनी पोचत नाही, तिथं सावली. पाइप तळावर टेकलेला असेल तर सावली त्याला चिकटून असते. खालची वाळू वाहून गेली नि पाइप अधांतरी राहिला, की रेघ आणि सावली यांच्यात फट दिसते. आम्ही हे प्रथम ऐकलं तेव्हा थक्क झालो. पाहायचं काय, तर वस्तू नव्हे, तिच्यापासून सुटलेली सावली! अधांतरी पाइपमागे प्रवाहाचे भोवरे सुटतात, पाइप थरथरतो, आणि तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसा एक दिवस तडकतो. मग तेल समुद्रात.

अर्थात सावलीलाही सगळं ठाऊक नसतं. गाडलेला पाइप तिला दिसत नाही. त्याला मातीत शिरणारा, खालच्या सुराचा ध्वनी लागतो. पाइप आतून किती झिजला, तेही ती सांगत नाही. त्यासाठी पाइपमधून 'पिग' सोडतात. हो, डुक्करच!

पण फट सापडली, की डायव्हर किंवा यंत्र नेमकं तिथंच उतरवता येतं, आणि पाइपखाली वाळूच्या पिशव्यांचा टेकू देता येतो.