प्रांताप्रांतांमधले विशेषण

कॅनडातील वृत्तांत ‘इंटरप्रॉव्हिन्शियल’ हे विशेषण वारंवार भेटते, आणि इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषांत त्याची अक्षरे एकच असली, तरी उच्चार मात्र ज्याचा त्याचा निराळा. त्यातील ‘इंटर’ हा संस्कृत ‘अंतर्’चा सगोत्र, परंतु खरे कुतूहल ‘प्रोव्हिंकिया’ या लॅटिन शब्दाचे, कारण आरंभी तो भूमीचा वाचक नव्हता, तर रोमन अंमलदाराकडे सोपविलेल्या कामगिरीचा वाचक होता, आणि पुढे सिसिलीसारखे इटलीबाहेरील मुलूख रोमच्या अमलाखाली आले, तेव्हा कामगिरीचे हे नाव त्या मुलखासच चिकटले. फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रदेश ते आजही मिरवितो.

१८८७ साली कॅनडातील क्वेबेक प्रांताचे प्रमुख ओनोरे मेर्सिए यांनी केंद्रसत्तेविरुद्ध प्रांतांचे हक्क राखण्यासाठी प्रांतप्रमुखांची ‘इंटरप्रॉव्हिन्शियल’ परिषद भरविली, तेव्हा या विशेषणास राजकीय तेज चढले. पेरूमध्ये मात्र ते लांब पल्ल्याच्या बसगाडीचे साधे विशेषण आहे. आपल्याकडे १९५० साली प्रांतांची राज्ये झाली, पाणीतंटे ‘आंतरराज्य’ झाले, विवाह तेवढे अद्याप ‘आंतरप्रांतीय’ होतात.